पेटायला वेळ लावणारा बर्नर

गॅसचं बटण फिरवलं, लायटर दाबला, की ज्योत यायला हवी. पण बऱ्याच घरांत शेगडीचा एखादा बर्नर लहरी असतो आणि त्याच्या लहरीशी सगळ्यांनी जुळवून घेतलेलं असतं. ‘डावीकडचा जरा वेळ लावतो’, ‘त्याला चार-पाच वेळा लायटर मारावा लागतो’, अशा सूचना पाहुण्यांना आणि स्वयंपाकाच्या मावशींना दिल्या जातात. स्वयंपाक अडत नाही, म्हणून दुरुस्तीही होत नाही. मग एखाद्या दिवशी ‘भप्’ असा आवाज होऊन ज्योत हातावर येते, मनगटावरचे केस होरपळतात, आणि पुढचे दोन दिवस सगळे जपून वागतात.

या उशिराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मोठा बर्नर पूर्ण उघडला की त्यातून सेकंदाला साधारण २५ ते ३० घनसेंटिमीटर गॅस बाहेर येतो. दहा सेकंद लायटर टकटक करत राहिलात, तर पाव लिटरच्या आसपास गॅस न जळता बाहेर पडला. वजनात तो जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम भरेल, १४.२ किलोच्या टाकीपुढे हा तोटा काहीच नाही. पण तोच पाव लिटर गॅस हवेत पसरला की बादलीभर पेटाऊ मिश्रण तयार होऊ शकतं, आणि ते असतं नेमकं तुमच्या हाताखाली, शेगडीच्या अवतीभवती. अकराव्या सेकंदाला पडलेली ठिणगी बर्नर तर पेटवतेच, शिवाय ही बादलीही पेटवते. म्हणून उशिरा पेटणारा बर्नर ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही, कारण शोधून काढायची गोष्ट आहे. आणि बहुतेक वेळा ते कारण घरच्या घरी सापडतं.

आधी पेटतं ते नेमकं काय, हे पाहू. आपल्या टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. नुसता गॅस कितीही ठिणग्या टाकल्या तरी पेटत नाही. त्याला हवा लागते, आणि तीही ठरावीक प्रमाणात. हवेत गॅस २ टक्क्यांहून कमी असेल तर ठिणगी फुकट जाते, आणि साधारण ९ टक्क्यांच्या वर गेला तरी फुकटच जाते. या दोन मर्यादांच्या मधलं मिश्रण जिथे असेल, तिथे ठिणगी पडायला हवी. पूर्ण जळण्यासाठी तर प्रोपेनला स्वतःच्या २४ पट आणि ब्युटेनला ३१ पट हवा लागते. ही हवा गॅसला ज्योतीपर्यंत पोचण्याआधीच काही प्रमाणात पाजायची, ही युक्ती आपल्या शेगडीने प्रयोगशाळेतल्या बर्नरकडून घेतली. हायडेलबर्ग विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेन यांच्यासाठी पीटर डेसागा या कुशल कारागिराने १८५५च्या सुमारास तो बर्नर घडवला. शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. ओट्यावरची शेगडी म्हणजे आडवा पाडलेला बुन्सेन बर्नरच.

गॅसची वाट अशी. टाकीत दाब बराच असतो, पण रेग्युलेटर तो उतरवून बाहेरच्या हवेपेक्षा फक्त ३० मिलिबार जास्त, म्हणजे जेमतेम तीन टक्के जास्त, इतका ठेवतो. तिथून नारिंगी नळी, मग शेगडीच्या आतला पाइप, मग बटणामागचा कॉक. कॉकच्या पुढे एक बारीकसा पितळी तुकडा बसवलेला असतो, त्याला जेट म्हणतात. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. तीन टक्के जास्तीचा दाब ऐकायला फुसका वाटतो, पण या भोकातून गॅस सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. त्या झोताबरोबर आजूबाजूची हवा ओढली जाते, दोघं मिळून मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरतात, तिथे मिसळतात आणि टोपीच्या कडेच्या भोकांतून बाहेर येतात. हवा ओढायला पंखा नाही, पंप नाही. सगळं काम त्या झोताच्या वेगावर चालतं. म्हणून झोत कुठेही अडला, वाकला किंवा पुढे त्याला वाट मिळाली नाही, तर गॅस कमी पडण्याच्या आधी हवा कमी पडते.

आता तपासायला लागू. काहीही उघडण्याआधी शेगडीकडे नीट पाहावं, हा माझा आग्रह आहे. दुरुस्तीला आलेला चांगला मिस्त्रीही पाना काढण्याआधी सगळे बर्नर पेटवून बघतो. पहिला प्रश्न एवढाच: एकच बर्नर उशिरा पेटतो की सगळेच? एकच असेल तर टाकी, रेग्युलेटर आणि नळी यांना दोष देण्यात अर्थ नाही. गॅस तिथपर्यंत नीट पोचतोच आहे. दोष त्या बर्नरच्या टोपीत, ट्यूबमध्ये, जेटमध्ये किंवा कॉकमध्ये आहे. सगळेच बर्नर रेंगाळत असतील तर लायटर आणि टाकी यांच्याकडे वळायचं.

दुसरी परीक्षा काडेपेटीची. आधी काडी पेटवायची, ती टोपीच्या कडेशी धरायची आणि मग बटण फिरवायचं. काडीने बर्नर लगेच पेटला आणि लायटरने मात्र पेटत नाही, असं असेल तर शेगडी निर्दोष आहे. काडीनेही वेळ लागला तर दोष मिश्रणात आहे. या एका काडीने अर्धी शंका मिटते, आणि तरीही लोक सरळ नवा बर्नर आणायला दुकानात जातात.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. बर्नर पेटल्यावर ज्योतीचं कडं पाहा. टोपीभोवती सगळीकडे सारख्या उंचीच्या निळ्या ज्योती असतील आणि प्रत्येकीच्या आत ठळक निळा सुळका दिसत असेल, तर बर्नर निरोगी आहे. एका बाजूला ज्योतीच नसतील, तर तिथली भोकं बुजली आहेत किंवा टोपी तिरकी बसली आहे. ज्योती पिवळ्या आणि लुसलुशीत असतील, भांड्यांची बुडं काळी होत असतील, तर हवा कमी पडते आहे. ज्योती टोपीपासून सुटून वर नाचत असतील, तर दाब किंवा हवा जास्त आहे. बटण फिरवल्यावर कान देऊन ऐका: मोठ्या बर्नरचा ‘सूं’ असा आवाज लगेच यायला हवा. आवाज उशिरा आला तर गॅसच उशिरा येतो आहे. आवाज आला आणि ज्योत आली नाही, तर गॅस आहे पण त्याची ठिणगीशी गाठ पडत नाही.

शंभरातल्या बहुसंख्य तक्रारी टोपीपाशी संपतात, आणि त्यातही दुधापाशी. आपल्याकडे वास्तुशांतीला नव्या घरात दूध उतू घालवतात, रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात ते मुद्दाम उतू जाऊ देतात. एरवी ते आपलं आपणच जातं. उतू गेलेलं दूध टोपीवरून ओघळून भोकांत शिरतं. तिथे पाणी उडून जातं आणि दुधातली साखर व प्रथिनं करपून त्यांचा काळा कडक थर बनतो. हा थर साध्या पाण्याला दाद देत नाही. ओलं फडकं फिरवल्यावर टोपी वरून चकचकीत दिसते, पण भोकाच्या आतल्या बाजूला थर तसाच राहतो आणि पुढच्या वेळच्या दुधाला धरून बसायला जागा देतो. भाताच्या पेजेचा आणि साबुदाण्याच्या चिकाचा प्रकार निराळा: त्याचा कागदासारखा पातळ, जवळपास पारदर्शक पापुद्रा भोकांवर पसरतो आणि वरून पाहिलं तर दिसतच नाही. म्हणून टोपी पूर्ण थंड झाल्यावर काढून उजेडाकडे धरायची आणि आतल्या बाजूने एकेक भोक बघत जायचं. ज्या भोकातून उजेड येत नाही, ते बंद.

भोकं बंद असली की उशीर का होतो, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. समजा टोपीची तिसरा हिस्सा भोकं बुजली आहेत. मिश्रणाला बाहेर पडायला वाट कमी, म्हणून ट्यूबमध्ये ते तुंबतं, आणि तुंबल्यामुळे जेटच्या झोताला मागून हवा ओढता येत नाही. उरलेल्या भोकांतून जे बाहेर येतं त्यात गॅस जास्त आणि हवा कमी. ठिणगी पडते, पण मिश्रण वरच्या मर्यादेच्या पलीकडे असतं. बाहेरची हवा मिसळून ते पुन्हा पेटण्याजोगं होईपर्यंत वाट पाहावी लागते. शिवाय ज्योत एका भोकावरून शेजारच्या भोकावर उडी मारत पसरते. मध्ये बुजलेल्या भोकांची रांग असली तर ती तिथेच थांबते. एक बाजू पेटलेली आणि दुसऱ्या बाजूने गॅस तसाच सुटतो आहे, ही अवस्था उशिराहून वाईट.

टोपी धुताना घाई करू नये. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ती अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावी, मग जुन्या दातांच्या ब्रशने घासावी. भोकं मोकळी करायला खराट्याचा हीर उत्तम: पितळेला ओरखडा न काढता तो करपलेला थर पाडतो. सुईपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो. चिंचेने किंवा लिंबाने पितळ उजळतं हे खरं, पण उजळलेली टोपी आणि मोकळी भोकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दुसरी हवी आहे. आंबट पाण्यात टोपी रात्रभर ठेवली तर पितळातलं जस्त निघून जाऊन ती गुलाबी पडू लागते. भांडी घासायच्या पावडरीने रगडली तर पावडरीचे कण भोकांतच अडकतात आणि केलेली मेहनत उलटते. खालची मिक्सिंग ट्यूब काही शेगड्यांत बिडाची, काहींत अ‍ॅल्युमिनियमची असते. अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा खातो, म्हणून तिथे साबणाच्या पाण्यावरच थांबावं.

धुतल्यावर टोपी पूर्ण वाळली पाहिजे. बारीक भोकांत पाण्याचा थेंब अडकला की तो आपणहून गळत नाही, आणि त्या थेंबापुढे गॅसच्या एवढ्याशा दाबाचं काही चालत नाही. ‘कालच तर सगळं स्वच्छ केलं आणि आज जास्तच वेळ लागतो,’ या तक्रारीचं कारण हेच. टोपी जोरात झटकावी, कापडावर उपडी ठेवावी, उन्हात ठेवता आली तर फारच बरं. कोकणातल्या पावसाळ्यात तर एक रात्रही कमी पडते. परत बसवताना तिच्या खालची खाच किंवा टोक जागेवर बसतं आहे ना ते पाहा. बोटाने हलवून ती डुगडुगली नाही पाहिजे. मोठ्या बर्नरची टोपी लहानावर आणि लहानाची मोठ्यावर असा घोळही धुण्याच्या दिवशी होतो.

टोपी स्वच्छ आहे, तरी उशीर होतो? मग ट्यूबमध्ये डोकवायचं. शेगडी उलटी करण्याआधी टाकीचा रेग्युलेटर बंद करा आणि ती थंड होऊ द्या. ट्यूबचं तोंड आणि जेट यांच्यामध्ये जी उघडी फट दिसते, ती हवेची खिडकी. ती उघडीच असायला हवी. कोणी ‘इथून गॅस गळेल’ म्हणून ती फडक्याने किंवा चिकटपट्टीने बंद केली, तर बर्नर गुदमरतो. या खिडकीपाशी तेलकट धूळ, केसांची गुंतवळ, पिठाचे कण साचतात. महिनाभर वापरात नसलेल्या बर्नरच्या ट्यूबमध्ये कोळी जाळं विणतो, आणि झुरळांना तर ती ऊबदार जागा फारच आवडते. सुट्टीत गावी जाऊन आल्यावर नेमका एक बर्नर रुसलेला असेल, तर पहिला संशय याच जागेवर घ्यावा. बाटली धुवायचा बारीक ब्रश आत फिरवला की काम होतं.

आता जेट. इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण इथे आपल्या घरांतली एक जुनी सवय आड येते. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह ज्यांच्या घरात होता, त्यांना स्टोव्हची पिन आठवत असेल: पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसासारखी तार. ज्योत मंदावली की पिन मारायची. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२च्या सुमारास प्रायमस आणला, त्याच जातीचे हे स्टोव्ह. त्यात रॉकेल तापून वाफ होतं आणि ती वाफ बारीक भोकातून सुटते; तापलेल्या रॉकेलचा कार्बन भोकापाशीच जमतो, म्हणून पिन मारणं ही त्या स्टोव्हची रोजची गरज होती. गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेला, पण पिन मारायची सवय राहिली. गॅसच्या जेटपर्यंत गॅस थंडच येतो, तिथे काजळी धरत नाही. तिथे अडकतो तो जुन्या नळीचा रबरी चुरा, कॉकमधून आलेलं ग्रीस किंवा गॅसबरोबर आलेला तेलकट अंश. पोलादी पिन मऊ पितळात घालून फिरवली तर घाण निघते, पण भोकही रुंदावतं. भोकाचा व्यास फक्त दहा टक्के वाढला तर गॅस वीस टक्क्यांहून जास्त वाढतो, आणि हवा मात्र त्या मानाने वाढत नाही. ज्योत मोठी आणि पिवळी होते, भांडी काळी पडतात, आणि बर्नर आता दुसऱ्याच कारणाने बिघडतो. जेट काढून पेट्रोलियम द्रावकात धुणं, फुंकून साफ करणं किंवा सरळ नवं बसवणं हे मिस्त्रीचं काम आहे. जेट स्वस्त असतं. त्याच्यासाठी घरातली सुई वापरू नका.

मुंबई, ठाणे, पुणे इथल्या पाइपच्या गॅसवाल्यांसाठी जेटची आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. तेवढ्याच घनफळात त्याच्यात टाकीच्या गॅसच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उष्णता असते, आणि दाबही कमी असतो. म्हणून त्याचं जेट मोठ्या भोकाचं लागतं. टाकीवरची शेगडी जेट न बदलता पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी येते आणि पेटायला वेळ लागतो. उलट प्रकार धोक्याचा: शहरातली पाइपवरची शेगडी गावच्या घरी नेऊन टाकीला जोडली, तर मोठ्या भोकातून भरमसाट गॅस येतो आणि ज्योत पिवळी, काजळीची, अंगावर येणारी होते. शेगडी एका घरातून दुसऱ्या घरात नेताना गॅस कोणता, हे आधी विचारायला हवं.

लायटरकडे वळू. त्याच्या आत एक सिरॅमिकचा तुकडा असतो. दाबलं की स्प्रिंग सुटून छोटी हातोडी त्याच्यावर आदळते आणि त्यातून काही हजार व्होल्टची ठिणगी टोकाशी उडते. दाबाने वीज निर्माण करणारा हा गुण झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८०मध्ये स्फटिकांत दाखवला होता. लायटर ‘टक’ वाजतो म्हणजे ठिणगी पडते, असं मात्र धरून चालू नका. आवाज हातोडीचा असतो. गॅस बंद असताना, शेगडीपासून दूर, अंधाऱ्या जागी तो दाबून पाहा. टोकाशी निळसर-पांढरी, ठसठशीत ठिणगी दर वेळी दिसली पाहिजे. टोकाला तेलाचा आणि काजळीचा थर बसला असेल, किंवा ओट्यावरचं पाणी आत गेलं असेल, तर वीज आतल्या आतच मुरते. कोरड्या फडक्याने पुसून, वाळवून पाहावं. नाहीच सुधारला तर बदलावा. लायटर धरायची जागाही चुकते. पुष्कळ जण तो टोपीच्या मधोमध वर धरतात, आणि गॅस बाहेर पडतो तो कडेने. टोक भोकांच्या शेजारी, जवळपास टेकलेलं हवं. बर्नर पेटल्यानंतरच भांडं ठेवावं, आणि ओट्यासमोरच्या खिडकीचा वारा किंवा पंखा गॅसला ठिणगीपासून दूर नेतो आहे का तेही पाहावं.

बटण ‘सिम’वर आणून पेटवायची सवय काहींना असते, गॅस वाचतो अशी समजूत. मोठ्या ज्योतीवर ट्यूब आणि टोपी ताज्या मिश्रणाने क्षणार्धात भरते, बारीकवर तिला दोन-तीन सेकंद लागतात, आणि हवाही कमी ओढली जाते. कधी कधी ज्योत उलटी आत शिरून जेटपाशीच जळायला लागते. तेव्हा ‘घुर्र’ असा आवाज येतो आणि बटणाच्या बाजूने शेगडी तापते. असं झालं तर लगेच बंद करून थोडं थांबायचं. पेटवायचं ते मोठ्यावर आणि मग बारीक करायचं.

आपोआप पेटणाऱ्या शेगड्यांत सेल उतरणं हे सर्वांत नेहमीचं कारण. त्याच्या खालोखाल ठिणगीच्या टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर सांडलेलं दूध किंवा तिला गेलेली चीर. काही नव्या शेगड्यांत ज्योत विझली तर गॅस आपणच बंद करणारी सोय असते. त्यात ज्योतीत बसवलेली एक काडी तापून चिमूटभर वीज देते आणि तिच्या जोरावर झडप उघडी राहते. म्हणून पेटल्यावर काही सेकंद बटण दाबून धरावं लागतं. बटण सोडताच ज्योत विझते, हा बिघाड असेलच असं नाही. आधी जरा जास्त वेळ धरून पाहा.

सगळेच बर्नर उशिरा पेटत असतील आणि लायटर चांगला असेल, तर टाकी संपत आलेली असण्याची शक्यता मोठी. एरवी टाकी भरलेली असो की अर्धी, रेग्युलेटर पुढे दाब सारखाच देतो. शेवटी शेवटी मात्र, आधी उडणारा प्रोपेन निघून गेलेला असतो, मागे ब्युटेन जास्त उरतो आणि दाब पडतो. या वेळी टाकी आडवी करून शेवटचा गॅस काढायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती कृपा करून बंद करा. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येऊ शकतो, आणि तो द्रव वायू होताना अडीचशे पटींच्या आसपास फुगतो. टाकी गरम पाण्यात ठेवणंही तितकंच वाईट. टाकी भरलेली आहे आणि तरी सगळे बर्नर मंद आहेत, तर नळी कुठे दुमडली आहे का पाहा, ती पाच वर्षांहून जुनी असेल तर बदला, आणि रेग्युलेटर वितरकाकडून बदलून घ्या. नवी टाकी लावल्यावर पहिला बर्नर काही सेकंद रेंगाळला तर काळजी नको. नळीत शिरलेली हवा बाहेर जाते आहे.

कॉकचा विषय थोडक्यात. बटण कडक फिरतं आणि गॅस उशिरा येतो, म्हणजे आतलं ग्रीस वाळलं किंवा सरकून गॅसच्या भोकावर आलं. तिथे खोबरेल तेल सोडू नका. तेल ग्रीस धुऊन नेतं, बटण चार दिवस लोण्यासारखं फिरतं, आणि मग कॉक गळायला लागतो. हे काम मिस्त्रीच्याच हातचं.

कारण सापडेपर्यंत त्या बर्नरशी वागायचं कसं, हे सांगून थांबतो. गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. न जळलेला गॅस वर उडून जात नाही, तो ओट्यावरून खाली उतरून जमिनीलगत साचतो. म्हणून आधी लायटर जागेवर धरा, मग बटण फिरवा. तीन-चार सेकंदांत ज्योत आली नाही तर लायटर मारत राहू नका. बटण बंद करा, खिडकी उघडी ठेवून मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्या, मग पुन्हा प्रयत्न करा. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण लावू नका आणि बंदही करू नका, एक्झॉस्ट पंखासुद्धा नाही. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसगळतीसाठी तो दिवसरात्र चालू असतो. आणि तुमच्या शेगडीवर ‘जरा वेळ लावणारा’ बर्नर असेल, तर आज रात्री ओटा आवरून झाल्यावर त्याची टोपी काढून एकदा उजेडाकडे धरून पाहाच.